'नोंदणीकृत व मान्यताप्राप्त': यातला कोणताही शब्द गाळू नका

मुंबईत मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे : कामगार संघटनांच्या पत्रकांत आणि स्मरणिकांत 'नोंदणीकृत व मान्यताप्राप्त युनियन' असं हमखास येतं. सरकारदरबारी नोंद झाली म्हणजे मान्यता मिळालीच, मग ही द्विरुक्ती नाही का? एक शब्द काढला तर चालेल का? आणि नव्या कायद्याच्या बातम्यांतल्या 'निगोशिएटिंग युनियन'ला मराठीत काय लिहावं?

एक शब्द काढून चालणार नाही. शाळेची मान्यता किंवा अभ्यासक्रमाची मान्यता सरकार देतं, त्यामुळे तुमचा तर्क स्वाभाविक आहे. पण कामगारांच्या जगात 'मान्यता' म्हणजे मालकासमोर बसून सगळ्या कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क. नोंदणीने तो मिळत नाही.

नोंदणी होत असे ती १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याखाली. सुरुवातीला सात जण अर्ज करू शकत. २००१च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागू लागले. सातांची किमान अट राहिलीच. नोंदणी झाली की संघटनेला कायद्याच्या नजरेत स्वतःचं अस्तित्व मिळतं. ती आपल्या नावावर मालमत्ता घेऊ शकते, कोर्टात उभी राहू शकते. मात्र तिच्या मागणीपत्रावर मालकाने चर्चा केलीच पाहिजे, असं बंधन त्यातून येत नाही. एकाच कारखान्यात तीन-चार नोंदणीकृत युनियन सुखाने नांदू शकतात. मालकाला मान्यतेची सक्ती करणारी दुरुस्ती १९४७ साली मंजूर झाली होती, पण ती अमलात कधी आणलीच नाही. कामगार चळवळीच्या इतिहासातली ही फार मोठी उणीव आहे असं मला वाटतं, आणि तिची चर्चा फारच कमी होते.

महाराष्ट्राने ती उणीव आपल्यापुरती १९७१च्या कायद्याने भरून काढली. त्याच्या लांबलचक नावातच कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध हे दोन्ही विषय आहेत. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, लगतच्या सहा महिन्यांत सतत किमान ३० टक्के सभासद असलेली युनियन औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करते; न्यायालय पडताळणी करून मान्यता देतं. म्हणून वर्गणीच्या पावतीला इतकं मोल. पावती फाडली, कामगाराच्या हातात दिली आणि पुस्तकात स्थळप्रत राहिली, तर उद्या वाद उभा राहिल्यावर सभासद दाखवता येतो. गेटवर नवी युनियन आली की जुने कामगार 'मान्यता कुणाची?' असं विचारतात, 'नोंदणी झाली का?' असं सहसा विचारत नाहीत. करार कुणाच्या सहीने होणार हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

मान्यता नसलेली युनियन अगदीच निःशस्त्र नसते, हेही लक्षात ठेवा. सभासदाला कामावरून काढलं तर ती मालकाशी बोलू शकते, खात्याच्या चौकशीत त्याच्या बाजूने उभी राहू शकते. त्यामुळे 'मान्यता नाही' याचा अर्थ 'बेकायदा' असा करून ठेवू नका. ही चूक छापील मजकुरात मला वारंवार दिसते.

गिरणगावाबद्दलचा मजकूर हाताखाली आला तर तिसरा शब्द भेटेल : 'प्रातिनिधिक'. कापड गिरण्यांना १९७१च्या कायद्यातला मान्यतेचा भाग लागू नव्हता. तिथे १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा चाले, कामगारांच्या तोंडी 'बीआयआर'. त्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना. मुंबईच्या गिरण्यांपुरती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. जे तिचे सभासद नव्हते त्यांच्या वतीनेही तीच बोलणार. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, पण वाटाघाटींचा कायदेशीर हक्क दुसऱ्याच संघटनेकडे होता. पगारवाढीइतकीच 'बीआयआर रद्द करा' ही मागणी का पेटली, ते यावरून कळेल. तिथे 'प्रातिनिधिक'च्या जागी सरसकट 'मान्यताप्राप्त' घातलं, तर या भांडणाचा गाभाच वाचकाच्या हातून निसटतो.

घटनेच्या कलम १९(१)(ग)ने संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला आहेच. पण त्या हक्कात परिणामकारक सामुदायिक वाटाघाटींचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितलं. म्हणून संघटनेचं बळ वाढवायचं तर तसा कायदाच करावा लागतो, आणि त्या कायद्यातला प्रत्येक शब्द जपून वाचावा लागतो.

आता नवा शब्द. औद्योगिक संबंध संहिता २०२०ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के किंवा अधिक कामगार जिच्या मागे, ती एकटी 'निगोशिएटिंग युनियन'. तेवढं बळ कुणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनची मिळून परिषद. काही जण याला 'वाटाघाटी संघटना' म्हणतात. ते मला पटत नाही, कारण वाटाघाटींपुरतीच स्थापन झालेली संघटना असा भास होतो. मी पहिल्या उल्लेखात 'वाटाघाटींचा हक्क असलेली युनियन' लिहीन, पुढे नुसतं 'हक्कदार युनियन', आणि परिषदेला 'वाटाघाटी परिषद'. 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग'साठी 'सामूहिक सौदा' मात्र नको. युनियनच्या कार्यालयात कुणी सौदा करत नाही, तिथे 'बोलणी' चालतात आणि 'करार' होतो.

जुन्या पत्रकात नुसतं 'मान्यताप्राप्त' आढळलं तर ते कोणत्या कायद्याखालचं, हे लेखकाला फोन करून विचारा. १९७१चा असेल तर शब्द तसाच ठेवा, गिरणीचा असेल तर 'प्रातिनिधिक' करून घ्या.