वाचकांचे प्रश्न : घानाचे निकालपत्र कसे वाचावे?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात घानाच्या विद्यार्थ्याने बी.एस्सी.साठी अर्ज केला आहे. निकालपत्रावर गुण नाहीत, टक्के नाहीत; फक्त 'ए१', 'सी४', 'डी७'. ही बारावी धरायची का? आणि टक्क्यांच्या रकान्यात काय लिहायचे?
– प्रवेश विभागातील कर्मचारी, सोलापूर

उत्तर : वर्षांच्या हिशेबाने ही बारावीच. सहा वर्षे प्राथमिक, तीन ज्युनियर हायस्कूल, तीन सीनियर हायस्कूल. आधीची बालवर्गाची दोन वर्षे यात मोजू नका. शेवटची परीक्षा वेस्ट आफ्रिकन एक्झामिनेशन्स कौन्सिल घेते. १९५२ साली स्थापन झालेले हे मंडळ घानासह नायजेरिया, सिएरा लिओन, गांबिया आणि लायबेरिया या देशांचे सामाईक आहे.

आता श्रेणी. अंक जितका लहान तितका निकाल चांगला. ए१ सर्वोत्तम, तिथपासून सी६ पर्यंत 'क्रेडिट'. डी७ आणि ई८ म्हणजे नुसते उत्तीर्ण, पण तिथली विद्यापीठे पदवीप्रवेशाला सहसा ते चालवून घेत नाहीत. एफ९ नापास. आपल्याला दहापैकी श्रेणीगुण वाचायची सवय, त्यामुळे डी७ ला 'दहापैकी सात' आणि ए१ ला 'दहापैकी एक' समजण्याची चूक सहज होते आणि चांगला विद्यार्थी मागे पडतो.

विषयांत खरी मेख आहे. इंग्रजी, गणित, एकात्मिक विज्ञान आणि सामाजिक अभ्यास हे चार सर्वांना सक्तीचे. त्यावर तीन-चार ऐच्छिक. कला किंवा वाणिज्य घेतलेल्या मुलाच्या पत्रकावरही 'विज्ञान' आणि 'गणित' दिसणारच! बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र ऐच्छिकांत आहेत का ते पाहा. गणित हा मुख्य विषय हवा असेल तर 'इलेक्टिव्ह मॅथेमॅटिक्स' वेगळे लिहिलेले असले पाहिजे; सक्तीचे गणित त्याची जागा घेत नाही.

तिथली विद्यापीठे तीन सक्तीचे आणि तीन ऐच्छिक विषय धरून अंकांची बेरीज करतात. सहाही ए१ असतील तर बेरीज ६, सहाही सी६ असतील तर ३६. गुणवत्ता यादीही याच बेरजेवर लागते.

टक्के मात्र मनाने काढू नका. ए१ म्हणजे साधारण ७५ च्या पुढे, सी६ म्हणजे पन्नाशीच्या आसपास, एवढाच अंदाज घ्या. नेमके गुण प्रमाणपत्रावर छापलेलेच नसतात. विद्यार्थ्याकडून समकक्षता प्रमाणपत्र (ही परीक्षा आपल्या बारावीच्या तोडीची असल्याचा दाखला) मागवा, आणि परीक्षा क्रमांक व वर्ष घेऊन निकाल मंडळाकडून पडताळून घ्या. एखादा विषय पुन्हा खासगीरीत्या दिला असेल तर त्याचे पत्रक वेगळे असते. दोन्ही मागा.

प्रश्न : घानात पहिलीपासून इंग्रजीतूनच शिकवतात का?
– प्राथमिक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : नाही. तिसरीपर्यंत स्थानिक भाषा आणि चौथीपासून इंग्रजी, असे धोरण आहे. शाळांसाठी आकान, एवे, गा, दगबानी अशा भाषा मान्य आहेत. अडते ते नेमणुकीत: बदलून आलेल्या शिक्षकाला त्या गावची भाषा येतेच असे नाही, मग तो इंग्रजीकडे वळतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले एकाच गल्लीत असलेल्या सोलापुरात ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.