जीवशास्त्रज्ञ सजीवांचा अभ्यास नेमका कसा करतात?

निरीक्षण, शंका, प्रयोग हे पाठ करण्यापेक्षा इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी या वैद्याचं काम बघा. १६६८ साली त्याने ते प्रसिद्ध केलं. सडक्या मांसात अळ्या आपोआप तयार होतात, असं तेव्हा सर्रास मानलं जाई. रेदीने मांस घातलेली काही भांडी उघडी ठेवली, काही बंद केली. बंद भांड्यांत अळ्या नाहीत. पण यावर कुणीही म्हणेल, आत हवाच गेली नाही! म्हणून त्याने काही भांड्यांवर तलम जाळीदार कापड बांधलं. हवा आत, माश्या बाहेर. तरी मांसात अळ्या नाहीतच. म्हणजे अळ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं; औषधांच्या चाचण्याही आज याच तत्त्वावर होतात. गंमत म्हणजे, झाडांवरच्या गाठींमधले किडे झाडच निर्माण करतं, असं रेदी स्वतः मानत होता.