आहिहिकला राहायला येताय? आधी दुपारचं जेवण समजून घ्या

तुम्ही दोघं निवृत्तीनंतर मेक्सिकोत, चापाला तळ्याकाठच्या आहिहिक गावी राहायला येताय, तर पहिल्या आठवड्यातच जेवणाची वेळ बदला. इथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या सुमारास. छोट्या खानावळींत तेव्हा ‘कोमिदा कोरिदा’ मिळतं: आधी सूप, मग भात, मग मुख्य पदार्थ, सोबत गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणि सरबत. आपली राइसप्लेटच, फक्त एकेक करून येते.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो’ (चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको) हे पाठच करा. मी वर्षभर तो लालसर भात निर्धास्तपणे खाल्ला. कळलं तेव्हा जिवाला फार लागलं.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ते दुर्लक्ष नव्हे, बसलेल्या माणसाला उठवायचं नाही म्हणून. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा, टीप १० ते १५ टक्के. निघताना शेजारच्या टेबलाला ‘प्रोवेचो’ (जेवण अंगी लागो) म्हणा, चेहरे खुलतात.

बुधवारच्या बाजारात कोथिंबीर, मिरच्या, पपई सगळं ताजं मिळतं. पिण्याचं पाणी मात्र २० लिटरच्या जारचंच घ्या.