बाईंना विचारा : चाकांवरचं घर आणि चुकलेल्या वाटा

गेल्या उन्हाळ्यात आमचं कुटुंब मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली असं फिरून आलं, हे या सदरात ओघात लिहून गेले होते. त्यावर इतकी पत्रं आली, की पाऊस, खडक आणि भूजल हे भूगोलाचे नेहमीचे विषय या महिन्यात बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : बाई, मुलगा स्टुटगार्टला नोकरीला आहे. पुढच्या जूनमध्ये मोटरहोम भाड्यानं घेऊन स्वित्झर्लंडमार्गे फ्लोरेन्सपर्यंत जायचा बेत आहे. आमचे हे म्हणतात, फोनवर मॅप असताना वेगळं काही कशाला? पुण्या-मुंबईला तसंच जातो की. (एक गृहिणी, राजारामपुरी)

पुण्या-मुंबईला तुम्ही कारनं जाता, म्हणून जमतं. फोनमधला नेहमीचा मॅप समोरच्याला कारवालाच धरून चालतो. मोटरहोम सात मीटरच्या आसपास लांब, आरसे सोडून सव्वादोन मीटरच्या वर रुंद आणि तीन मीटरच्या घरात उंच. हे त्या मॅपला सांगायची सोयच नसते. तो आपला जवळचा रस्ता काढून देतो, मग त्या रस्त्यावर कमान असो नाहीतर बोळ.

आम्हाला तो बोळ कोमो सरोवराच्या पश्चिम काठावर भेटला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि गाव आलं की रस्ता सरळ दोन घरांच्या भिंतींमधून जातो. समोरून बस आली. तिथले बसवाले आंधळ्या वळणाआधी हॉर्न देतात, तोही ऐकू आला होता. पण हॉर्न मनावर घ्यायची सवय आपल्याला कुठली! सून खाली उतरली, मागच्या गाड्यांना हात जोडून एकेक करून मागं घालवलं, मुलानं आरसे मिटवले आणि इंचाइंचानं गाडी रिव्हर्स घेतली. वरच्या सज्जातून एक इटालियन आजी सारखं काहीतरी ओरडत होत्या. भाषा कळत नव्हती, पण हातवारे थेट कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचे होते. बसचा ड्रायव्हर मात्र शांत होता, त्याचं हे रोजचंच असावं.

तेव्हा मोटरहोमसाठीचं वेगळं नॅव्हिगेशन घ्याच. गार्मिन, टॉमटॉम, सिजिक यांची तशी मिळतात. त्यात गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन भरता येतं. फोनचा मॅप जोडीला राहू द्या, पुढं गर्दी कुठं आहे ते तो चांगलं सांगतो. शिवाय गाडीची मापं एका चिठ्ठीवर मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरच्या नजरेसमोर चिकटवा. तांबड्या कडेच्या गोल पाटीवर '२,८ मी.' दिसलं की फुटांत हिशेब करायला वेळ नसतो. तिकडं दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, हेही ध्यानात असू द्या. जर्मनीत हायवेचं काम चालू असेल तिथं डावी लेन बऱ्याचदा दोन किंवा दोन मीटर दहा सेंटिमीटर रुंदीच्या गाड्यांपुरतीच असते. तिथं आपण निमूटपणे उजवीकडं, ट्रकांच्या मागं. बहुमजली पार्किंगचा तर विचारही नको. भाडेकरारात छताचं नुकसान विम्यात धरलंय का, ते सही करण्याआधी विचारा.

फ्लोरेन्सबद्दल. जुन्या शहरात गाड्यांना मर्यादित प्रवेश आहे. पाटीवर 'झेडटीएल' अशी अक्षरं असतात, वर कॅमेरा असतो, पोलीस कुणी नसतो. त्यामुळं आत गेल्याचं कळत नाही. दंडाचा कागद महिन्यांनी गाडीमालकाकडं येतो आणि तो आपलं शुल्क लावून तुमच्याकडून वसूल करतो. यावर सोपा उपाय आहे. ए-१ हायवेवरूनच थेट आत जाता येतं असं व्हिला कोस्टान्झा नावाचं पार्किंग आहे. गाडी तिथं लावायची आणि तिथूनच टी-१ ट्राम पकडून सांता मारिया नोव्हेला स्टेशनपर्यंत जायचं. शहरात चाक घालायची गरजच नाही.

आणखी एक. जर्मनीत घेतलेलं सिम इटलीत चालतं म्हणून ते मधल्या स्वित्झर्लंडातही चालेल असं धरू नका. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, युनियनचा रोमिंगचा नियम त्याला लागू होत नाही. काही प्लॅनमध्ये ते असतं, काहींत नसतं. ऐन बाझलच्या चौकात मॅप पांढरा पडायला नको असेल तर तिन्ही देशांचे नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

प्रश्न : मॅपमुळं लोक भलत्याच गावाला पोचतात हे खरं आहे का? (इयत्ता नववी, कागल)

खरं आहे. २००९ साली एका स्वीडिश जोडप्याला इटलीतल्या काप्री बेटावर जायचं होतं. नॅव्हिगेशनमध्ये दोन अक्षरं मागंपुढं झाली आणि ते पोचले कार्पीला. कार्पी उत्तरेत मोडेनाजवळ आणि काप्री पार खाली नेपल्सच्या आखातात. तिथल्या पर्यटन कचेरीत जाऊन त्यांनी प्रसिद्ध निळी गुहा कुठं आहे म्हणून विचारलं. बेटावर जाताना वाटेत ना पूल लागला ना बोट, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही! भूगोलाचा पेपर आम्ही उगाच घेत नाही.

तू हसू नकोस. गगनबावड्याला जायचंय म्हणून नुसतं 'बावडा' लिहिलंस तर मॅप तुला कसबा बावड्यात सोडेल. जर्मनीत फ्रँकफुर्ट दोन आहेत, एक माइन नदीवर आणि दुसरं पोलंडच्या सीमेला लागून ओडर नदीवर. त्यामुळं नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही, पिनकोड लिहायचा किंवा कॅम्पसाइटनं, म्हणजे मोटरहोम मुक्कामाला लावायच्या जागेनं, दिलेले अक्षांश-रेखांश टाकायचे. इटलीच्या दक्षिण तिरोल भागात तर एकाच पाटीवर एका गावाची दोन नावं असतात. ऑस्ट्रियाच्या सीमेवरचा ब्रेनर घाट ओलांडून खाली उतरलं की लागणारं गाव जर्मनमध्ये स्टर्झिंग आणि इटालियनमध्ये विपितेनो. मॅप एक बोलतो, आपण पाटीवर दुसरं वाचतो. बेळगावकडच्या पाट्या बघत वाढलेल्यांना हे अवघड जाऊ नये.

प्रश्न : माझं लायसन्स वीस वर्षांचं आहे, टेम्पोही चालवतो. तिकडं मोटरहोम चालवता येईल ना? (एक यंत्रमागधारक, इचलकरंजी)

आपलं मूळ लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट, दोन्ही बरोबर ठेवा. परमिट जास्तीत जास्त वर्षभर चालतं. खरा मुद्दा वजनाचा आहे. आपल्याकडं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते. युरोपात हलक्या गाड्यांच्या लायसन्सचा 'बी' वर्ग ३,५०० किलोंवर थांबतो, आणि त्यात माणसं, बॅगा, टाकीतलं पाणी सगळं आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. सहा माणसं आणि सहा बॅगा असतील तर टाकी निघतानाच काठोकाठ भरू नका.

राजारामपुरीच्या ताईंनीही हे वाचावं. मुलगा जर्मनीत राहायला जाऊन सहा महिने उलटले असतील तर त्याला तिथं भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, जर्मन लायसन्स काढावं लागतं.

प्रश्न : मॅपवर 'टोल टाळा' असं बटण असतं. ते दाबूनच ठेवलं तर? (एक व्यापारी, जयसिंगपूर)

आंदोलन करून कोल्हापूर शहराचा टोल घालवलेली माणसं आपण, त्यामुळं तुमची कळकळ समजते. पण आल्प्समध्ये हे बटण दाबलं की मॅप बोगदा सोडून घाटानं नेतो. करूळ घाट डोळ्यांसमोर आणा आणि तुमच्या हातात सात मीटरची गाडी आहे असं समजा.

हिशेबही तुमच्या बाजूचा नाही. स्वित्झर्लंडचा हायवे पास, त्याला विन्येट म्हणतात, ४० फ्रँकला वर्षभराचा मिळतो. २०२३ पासून तो गाडीच्या नंबरवर इलेक्ट्रॉनिकही मिळतो. जवळपास सतरा किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदाही त्यातच येतो. पास नसताना सापडलात तर दंड २०० फ्रँक. ऑस्ट्रियात दहा दिवसांचा पास मिळतो, मात्र ब्रेनरच्या ए-१३ रस्त्याचा टोल त्याहून वेगळा भरायचा. हे सगळं साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांचं, त्यावरच्यांचं गणित निराळं. आणि हायवेवरची गर्दी चुकवायला मॅपनं गावातून नेलं तर ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये २०१९ पासून मोसमाच्या शनिवार-रविवारी पोलीस परत हायवेवर पाठवतात. गावकरी वैतागले होते, दुसरं काय होणार!

इटलीत नाक्यावर तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या पाटीची 'टेलेपास' लेन आपली नव्हे, ती टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांची. चुकून शिरलातच तर मागं घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. फ्रान्समधून जाणार असाल तर तिथं टोल उंचीवर ठरतो. दोन ते तीन मीटर उंची असली की दुसरा वर्ग, तीन मीटर आणि वर गेली की तिसरा.

प्रश्न : बरोबर काय खायला न्यावं? (एक आजी, शाहूपुरी)

कांदा-लसूण मसाला, डाळ, पिठं न्या. पेढे, तूप, खवा आणि सुकं मटण इथंच संपवा, बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. गाडी चालू असताना मागं भाकरी थापायची नाही. सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं.

प्रश्न : आम्ही सहाजण जाणार आहोत. गणपतीपुळ्याला जातानाही गाडीत चौघं चार रस्ते सांगतात, आणि सासरे काच खाली करून प्रत्येक टपरीवर विचारतात. भांडणं ठरलेलीच. युरोपात काय करू? (एक सूनबाई, गडहिंग्लज)

आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मॅप एखाद्या वेळी चुकतो. घरची माणसं मात्र एकाच वेळी चार दिशांना बरोबर असतात!

ट्रकवर क्लीनर असतो तसं करा. ड्रायव्हरशेजारी एकच माणूस बसेल आणि रस्त्याबद्दल तोच बोलेल. बाकीच्यांनी देखावे बघायचे. हा मान वयावर नको, ज्याला पाटी झटकन वाचता येते आणि ज्याचा आवाज चढत नाही त्याला द्या. आमच्याकडं तो धाकट्या नातीला मिळाला. आजोबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग त्यांना झोप लागायला लागली.

त्या माणसानं 'डावीकडं-उजवीकडं' असं ओरडायचं नाही. आपण डावीकडून चालवणारे, घाईत हमखास उलटं बोलून जातो. तिकडं ड्रायव्हर डाव्या सीटवर आणि वाटाड्या उजव्या. म्हणून 'तुझ्या बाजूला' आणि 'माझ्या बाजूला' एवढंच म्हणायचं, त्यात गोंधळ होत नाही. दुसरं, बाणापेक्षा रस्त्याचा नंबर आणि पुढच्या मोठ्या शहराचं नाव बघायचं. हिरव्या पाटीवरचा ई-३५ हा रस्ता ॲमस्टरडॅमहून निघून फ्रँकफुर्ट, बाझल, गॉटहार्ड, मिलान, फ्लोरेन्स करत रोमला जातो. तो नंबर दिसतोय तोवर मॅप काहीही बडबडला तरी काळजी नाही. विषम नंबरचे ई-रस्ते उत्तर-दक्षिण, समचे पूर्व-पश्चिम. आपल्याकडं २०१० च्या नव्या क्रमांकांत हे बरोबर उलटं आहे, आपला पुणे-बंगळूर रस्ता बघा, ४८.

फाटा हुकला तर हुकू द्या. हायवेवर थांबायचं नाही, मागं घ्यायचं तर मुळीच नाही. पुढच्या फाट्यावर उतरून परत यायचं. चौकातल्या गोलाला घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. फाटा नक्की कळला नाही तर आणखी एक फेरी मारा, कुणी काही म्हणत नाही. मॅपनं चार तास सांगितले तर साडेपाच धरा, ते चार तास कारचे असतात. मुक्कामाला उजेडी पोचायचं, पण भर दुपारीही नको. जर्मनीत बऱ्याच कॅम्पसाइटचं फाटक एक ते तीन बंद असतं, आणि फाटकाबाहेर सात मीटरची गाडी घेऊन ताटकळत उभं राहिलं की घरात नवीन भांडण सुरू होतं.

रिव्हर्स घेताना सगळे खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' म्हणू नका. एकानंच उतरायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा. पेट्रोलपंपावरून निघताना पूर्ण स्टिअरिंग वळवलं तर मागचा भाग उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो आणि खांबाला लागतो. त्या बाजूलाही नजर हवी.

राहिले सासरे. त्यांची विचारायची हौस मोडू नका, तिला जागा बदलून द्या. त्यांना एक मोठा कागदी नकाशा आणि लाल पेन घेऊन द्या. रात्री कॅम्पसाइटवर शेजारच्या मोटरहोमवाल्याकडं जाऊन उद्याचा रस्ता विचारून यायचं काम त्यांचं. ही मंडळी तिथं वर्षानुवर्षं येणारी असतात. कुठल्या गावात बोळ आहे, कुठला घाट अजून उघडलेला नाही, कुठल्या कॅम्पसाइटला मॅप मागच्या कुंपणाशी नेतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. भाषा येत नसली तरी नकाशा दोघांच्या मध्ये पसरलेला असतो, बोट ठेवलं की कळतं. सासरे परत येतील तेव्हा नकाशावर लाल खुणा असतील. त्या सकाळी निघण्याआधी वाटाड्याला दाखवायच्या, चालत्या गाडीत नाही.