वाचकांचे प्रश्न: कपाशीचा खर्च नेमका कुठे कापायचा?

प्रश्न: सर नमस्कार, राळेगाव तालुक्यात 4 एकर कोरडवाहू कपाशी आहे, पेरून 35 दिवस झाले. पानाखाली थोडा मावा दिसला म्हणून दुकानात विचारलं तर दोन कीटकनाशकं, एक टॉनिक आणि वरून विद्राव्य खत असं सगळं एकाच पंपात मारायला सांगितलं. शेजारचे म्हणतात डीएपीची अजून एक बॅग दे, पेरताना एकरी एक दिली होती. मागच्या वर्षीपण खर्च असाच वाढत गेला आणि शेवटी बोंडं किडकीच निघाली. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी ही फवारणी थांबवा. बीटीचं (बोंडअळीला मारक जनुक घातलेलं) बियाणं कंपनीकडूनच औषध लावून येतं, त्यामुळे पहिला महिनाभर रसशोषक किडींचा तसा त्रास नसतो, आणि आता जो थोडा मावा दिसतोय त्याच्यामागे त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा पण येतात, तुम्ही आत्ताच जहाल औषध मारलं की हे मित्रकिडे मरतात आणि मावा मात्र परत वाढतो, मग दुसरी फवारणी, मग तिसरी. सकाळी शेतात जा, वेगवेगळ्या ठिकाणची 20 झाडं बघा, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटून मोजा. दर पानाला सरासरी 2 तुडतुडे किंवा 10 मावा, 10 फुलकिडे भरले तरच औषध, तेही एकच. त्याच्या आत असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरे: 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा टाकून 100 लिटर करा आणि त्याच दिवशी मारून टाका.

आणि मनाने औषधं मिसळू नका हो. 2017 ला तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडांत), दमट हवेत मारत होते. हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे हे पाहिजेच, मजूर असेल तर त्यालापण द्या.

डीएपीचं गणित करूनच बघा. कोरडवाहू बीटीला शिफारस हेक्टरी 60:30:30, म्हणजे एकरी 24 किलो नत्र, 12 स्फुरद, 12 पालाश. डीएपीच्या एका बॅगेत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र असतं, म्हणजे स्फुरद आधीच जवळपास दुप्पट झालं! आता फक्त 15 किलो नत्र राहिलं, ते साधारण 33 किलो युरियातून येतं, ओल बघून दोनदा विभागून द्या. पालाश दिला नसेल तर एकरी 20 किलो पोटॅश खत (एमओपी), त्यातून 12 किलो पालाश मिळतो.

वाचलेला पैसा बोंडअळीसाठी ठेवा. बीजी टू ला, म्हणजे दोन जनुकांच्या बीटी वाणाला, गुलाबी बोंडअळी आता जुमानत नाही. 45 दिवसांचं पीक झालं की एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, सलग 3 दिवस दर सापळ्यात रोज 8 पतंग सापडले किंवा 100 फुलांत 10 डोमकळ्या निघाल्या की फवारणीची वेळ आली. डोमकळी म्हणजे पाकळ्या उघडतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या पिळून चिकटलेल्या राहतात, उघडलं की आत अळी. ही कळी दिसली की तोडून नष्ट करा. औषध घेताना लेबलवर कपाशी आणि गुलाबी बोंडअळी दोन्ही लिहिलंय का ते वाचून घ्या, आणि पक्कं बिल मागाच.

प्रश्न: आमची चोपडा तालुक्यात ठिबकवर कपाशी असते, पाणी आहे तर डिसेंबरनंतर फरदड घेतली (तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवलं) तर दोन-तीन क्विंटल जास्तीचे निघतात, मग घेऊ नका का म्हणतात?

उत्तर: ताई, ते क्विंटल बहुतेक कवडी (किडका, डागी) कापसाचे असतात, वेचणीची मजुरी तेवढीच आणि भाव कमी. त्याहून मोठं नुकसान असं की गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते, फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या वर्षी तुमच्या आणि शेजाऱ्याच्या शेतात तीच येते, एकट्याने बंद करून भागत नाही, सगळ्या शिवाराने करायला हवं. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करा, शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, त्या उरलेली हिरवी बोंडं खातात, मग पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. जाळू नका, बांधावर ढीगपण नको, वाळलेल्या बोंडात अळी टिकून राहते. पाणी आहेच तर त्याच ठिबकवर उन्हाळी भुईमूग घ्या.