मेकॅनिकल वॉल्व्ह बसवल्यावर नॉर्मल आयुष्य जगता येतं का?

वय 34, मायट्रल वॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप) बदलायला सांगितलाय, मेकॅनिकल म्हणजे धातू वगैरेचा कृत्रिम बसवणार, आता पुढे काय उरलं असं विचारलंय तुम्ही. अहो बरंच उरलंय. माझा 2014 ला बसवला, तेव्हा मी 33 चा. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, तो ऱ्हुमॅटिक फीव्हर होता हे कळलं थेट टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर, तोवर वॉल्व्ह पार आखडला होता.

ऑपरेशनआधी एक जिना चढला की दम लागायचा, नंतर आठेक महिन्यांनी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो, मध्ये दोनदा बसलो ते सोडा. फक्त छातीचं हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने जड काही उचलू नका.

वॉल्व्हचं स्वतःचं फार काही नसतं, सांभाळायची ती रक्त पातळ करायची गोळी, तीही जन्मभर. मला असिट्रॉम आहे, काहींना वॉरफेरिन देतात. मायट्रलला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. कमी झाला तर वॉल्व्हवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

आता माझा वेडेपणा ऐका. आईला कोणीतरी सांगितलं पालेभाजी बंद, मग सहा महिने घरात मेथी नाही की पालक नाही. थंडीत मामाकडे हुरड्याला गेलो आणि आठवडाभर दोन्ही वेळा मेथी नाहीतर चाकवत हाणला, परत येऊन बघतो तर आयएनआर 1.6! डॉक्टर म्हणाले भाजी खा ना, पण दर आठवड्याला साधारण सारखीच खा, त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. दुसऱ्यांदा गुडघा दुखला म्हणून मेडिकलवाल्याकडून पेनकिलर घेतली, चार दिवसांत शौचाला काळी, म्हणजे पोटात रक्तस्राव, तीन दिवस ॲडमिट. तेव्हापासून क्रोसिन सोडून काहीही न विचारता घेत नाही. दाताच्या डॉक्टरला पण आधीच सांगायचं, दात काढायच्या आधी अँटिबायोटिक लागतं.

हो, आणि टिकटिक ऐकू येते. पहिले काही महिने कुशीवर झोपलो की उशीतून यायची, थंडीतही पंखा लावून झोपायचो. आता मुद्दाम कान दिला तरच.

कुठला बसवणार विचारलंत का? माझा चित्रा आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेने विकसित केलेला, पेशंटला पहिल्यांदा 1990 मध्ये बसवला होता. डिस्चार्जच्या वेळी ब्रँड आणि साइज लिहिलेलं कार्ड मागून घ्या, त्याची झेरॉक्स कायम पाकिटात.