आज कोण आलं नाही?

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. वस्तीत महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून जेवायचं, हा तुझा बेत वाचून फार बरं वाटलं. फक्त १०० माणसांचा आकडा वाचून थबकलो. सुरुवातीला १५-२० पुरेत. कोण कोणाशी बोललं, कोण कोपऱ्यात गप्प बसलं, हे तुला घरी गेल्यावरही आठवेल. १०० पानं मांडलीस तर तू नुसतं वाढत राहशील. आणि झेपत असेल तर आठवड्याचा एक वार धर. महिन्याचा दिवस हुकला की त्या माणसाची पुन्हा गाठ पडायला दोन महिने जातात.

एक चूक माझी सांगतो. आमच्याकडच्या अशाच जेवणात पहिली दोन वर्षं आम्ही सगळं स्वतःच करायचो. स्वयंपाक, वाढणं, भांडी, झाडलोट. आलेल्याला बसवून ठेवणं म्हणजे त्याचा मान राखणं, असं वाटायचं. मग एक वयस्कर गृहस्थ यायचे थांबले. घरी गेलो तर म्हणाले, "दर खेपेला नुसतं जेवून उठायचं, बरं दिसत नाही." त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले होते. जमाखर्चाची वही त्यांच्याकडे दिली. ते पुढच्याच आठवड्यात आले, वेळेआधी आले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पैशाचा हिशेब भिंतीवर लागू लागला. म्हणून म्हणतो, आलेल्या प्रत्येकाला काहीतरी काम दे. ज्याला चालवत नाही तो बसून भाजी निवडू शकतो, लहान मूल पाणी देऊ शकतं. देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे, अशी विभागणी होऊ देऊ नकोस. जेवणाऱ्यांचे फोटो तर काढूच नकोस.

अन्नाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे, तूही राहा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. गरम वाढायचं ते ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली. मोठ्या पातेल्यातलं अन्न वरून निवलेलं दिसतं, पण आत तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतू तिथेच वाढतात. उरलं तर लगेच पसरट भांड्यांत काढून निववायचं. कोणाला काय चालत नाही, हे आधी विचारून लिहून ठेव. ज्याला जुलाब होताहेत त्याने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो.

उपक्रमांची जी यादी पाठवलीस, ती तूर्त बाजूला ठेव. काही महिने नुसतं जेवताना ऐक. जिन्यातला अंधार, दवाखान्यात सोबत नसणं, असं एखादं गाऱ्हाणं तीन वेगवेगळ्या तोंडून आलं, की तिथूनच काम सुरू कर. त्या तिघांना बरोबर घे.

आता मला सगळ्यात जास्त वाटतं ते. १९९५च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७००हून अधिक माणसं गेली. कित्येक म्हातारी माणसं घरात एकटी होती. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या पाहिल्या. गरिबी आणि एकट्या वृद्धांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच, पण जिथे रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, तिथे मृत्यू फार कमी झाले. हे वाचल्यापासून मी आमच्याकडे किती जण जेवले हे विचारायचं सोडून दिलं. आज कोण आलं नाही, एवढंच विचारतो.

त्यासाठी एक वही ठेव. ज्यांची हरकत नसेल त्यांचीच नावं लिही. एखादं माणूस सलग दोनदा दिसलं नाही, तर त्याच्या जवळ राहणाऱ्याने दार वाजवायचं. का आला नाहीत, असा जाब विचारायचा नाही. दोन मिनिटं बसायचं, काही हवं-नको विचारायचं. पुढच्या वेळी नाही आले तरी चालेल.

वार ठरला की कळव. भांड्यांच्या पाळीत माझं नाव लिहून ठेव.

तुझा,
काका